उसन्या वस्तूचा रिव्ह्यू: वाचकाला काय सांगायचं, कुठे सांगायचं आणि कशा शब्दांत

हेडफोनचा रिव्ह्यू लिहून पाच महिने झाले होते, तेव्हा एका वाचकाचा मेल आला. रिव्ह्यू वाचून त्यांनी तोच हेडफोन घेतला होता आणि आता त्याच्या डाव्या बाजूची बिजागरी चिरली होती. सोबत जवळून काढलेला फोटो होता, चीर कुठून सुरू झाली ते स्वच्छ दिसत होतं. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. शेवटी फक्त विचारलं होतं, "तुम्ही तो किती दिवस वापरला होता?"

मी माझाच लेख पुन्हा उघडला. दुसऱ्याच ओळीत होतं, 'हा हेडफोन कंपनीनं रिव्ह्यूसाठी वापरायला दिला होता.' लपवलेलं काही नव्हतं. पण सहाव्या परिच्छेदात 'रोजच्या धकाधकीत टिकेल असा' असंही मी लिहून मोकळा झालो होतो. हेडफोन माझ्याकडे होता 12 दिवस. 12 दिवसांत कुठल्याच धड हेडफोनची बिजागरी चिरत नाही.

म्हणजे खुलासा होता, नियमाला धरून होता, आणि तरी त्या माणसाच्या काही कामाचा नव्हता. तेव्हापासून मी खुलाशाला दोन कामं नेमून दिली आहेत. वस्तू देणाऱ्याशी माझा नेमका व्यवहार काय, हे त्यानं सांगायचं. आणि वस्तू उसनी असल्यामुळे मला काय कळूच शकलं नाही, हेही त्यानंच सांगायचं. पहिलं काम बरेच जण करतात. दुसरं फार थोडे करतात, आणि वाचकाचे पैसे बुडतात ते बहुतेक तिथेच.

लिहून, बोलून किंवा व्हिडिओ करून रिव्ह्यू देणाऱ्यांसाठी पुढच्या पायऱ्या आहेत. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं त्या याच क्रमानं घ्याव्यात, कारण खुलासा चांगला होणार की नाही हे वस्तू घरी येण्याआधीच बरंचसं ठरलेलं असतं.

उसनवारीनं रिव्ह्यूत काय बदलतं

आपल्याकडे 'मिंधा' हा फार नेमका शब्द आहे. मिंधं व्हायला लाच घ्यावी लागत नाही. कुणी आपल्यासाठी वस्तू नीट बांधून पाठवली, पोचली का म्हणून दोनदा फोन केला, आपल्या शंकांना रात्री अकरा वाजता उत्तर दिलं, की माणूस थोडा मिंधा होतोच. मग 'बॅटरी कमी टिकते' याचं 'बॅटरी आणखी थोडी टिकली असती तर बरं झालं असतं' असं होतं. खोटं काहीच लिहिलं जात नाही, धार तेवढी जाते. वस्तू परत करायची आहे म्हणून हे टळतं असं समजू नका. भीड या वस्तूची नसतेच, पुढची वस्तू मिळेल की नाही याची असते.

भिडेवर मात करता येते. ज्यावर कितीही प्रामाणिक माणसाला मात करता येत नाही अशाही काही गोष्टी आहेत. दुकानातलं खोकं हे कारखान्यातून निघालेल्या हजारो खोक्यांतलं कुठलंही एक असतं. रिव्ह्यूसाठी आलेलं मात्र कुणीतरी आधी उघडून, चालवून, ठीक आहे ना बघून पाठवलेलं असू शकतं. कधी ते विक्रीआधीचं युनिट असतं आणि त्यातलं फर्मवेअर, म्हणजे वस्तूच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, अजून बदलत असतं, म्हणजे तुम्ही तपासता ती वस्तू आणि वाचक विकत घेतो ती वस्तू एक नसते. बॅटरीची झीज शेकडो चार्जिंगनंतर कळते. फोमच्या गाद्यांना पडणारे तडे, सैल होणारं चार्जिंग पोर्ट, दोन वर्षांनी बंद पडणारं अॅप, यातलं काही दोन आठवड्यांत दिसत नाही. वस्तू बिघडली तर तुम्ही कंपनीची प्रसिद्धी सांभाळणाऱ्या पीआर एजन्सीतल्या ओळखीच्या माणसाला फोन करता आणि दुसऱ्या दिवशी दुसरी वस्तू दारात येते. ग्राहकाला सर्व्हिस सेंटरच्या हेल्पलाइनवर ताटकळावं लागतं. तो अनुभव तुमच्या वाट्याला येतच नाही.

अमेरिकेतली 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' ही 1936 पासून काम करणारी संस्था याच कारणासाठी तपासायच्या वस्तू साध्या ग्राहकासारख्या, ओळख न सांगता विकत घेते. एकट्यानं लिहिणाऱ्याला ते झेपत नाही, मलाही झेपत नाही. उसनी वस्तू घेण्यात गैर काही नाही. तिच्यामुळे पडणारी तूट वाचकाला दिसली पाहिजे, एवढंच.

पायरी 1: 'हो' म्हणण्याआधी व्यवहार लेखी करा

डिसेंबर 2006 मध्ये मायक्रोसॉफ्टनं एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साथीनं काही ब्लॉगरांना एसर फेरारी लॅपटॉप पाठवले. त्यांवर तेव्हा नवं असलेलं विंडोज व्हिस्टा होतं. लिहिलंच पाहिजे अशी अट नव्हती. मात्र काम झाल्यावर लॅपटॉप परत करा, वाचकांना देऊन टाका किंवा हवा तितका काळ ठेवा, असे तिन्ही पर्याय मोकळे होते. लगेच गदारोळ झाला: ही रिव्ह्यूसाठीची वस्तू म्हणायची की भेट? शेवटी कंपनीला पुन्हा मेल करून 'परत करा किंवा देऊन टाका' असं सांगावं लागलं. आपल्याला लॅपटॉप मिळाला हे उघड सांगणारेही त्या संशयात ओढले गेले.

घोळ लॅपटॉपचा नव्हता, न ठरलेल्या शेवटाचा होता. ज्या उसनवारीला परतीची तारीख नाही ती भेटच असते. म्हणून मी वस्तू घेण्याआधी एक मेल पाठवतो आणि त्याचं लेखी उत्तर येईपर्यंत पत्ता देत नाही:

"नमस्कार. रिव्ह्यूसाठी वस्तू पाठवण्याची तयारी दाखवलीत, आभारी आहे. काही गोष्टी आधी नक्की करू या. वस्तू माझ्याकडे किती दिवस राहील आणि परतीचं कुरिअर कोण करेल? हे दुकानात मिळणारं अंतिम युनिट आहे की त्याआधीचं? यापूर्वी ते आणखी कुणी वापरलं आहे का? रिव्ह्यू करीनच असं मी कबूल करत नाही. केला तर प्रसिद्ध होण्याआधी दाखवणार नाही. वजन, मापं, अशी तांत्रिक माहिती मात्र तुमच्याकडून तपासून घेईन. वस्तू कुणी आणि कुठल्या अटींवर दिली हे वाचकांना सांगेन. ठरलेल्या तारखेला कुणी न्यायला आलं नाही, तर मी स्वतःहून परत पाठवीन."

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. तारीख जवळ आली की पलीकडून हमखास उत्तर येतं, "राहू द्या हो तुमच्याकडे, घाई नाही." बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही असेलच असं नाही. पण ती वस्तू तुमच्या टेबलावर पडून राहिली, तुम्ही ती रोज वापरू लागलात, की खुलाशातलं 'वापरायला दिली' हे वाक्य खोटं पडतं. परत करायची नसेल तर लेखात तसं लिहा: मुदतीनंतर कंपनीनं वस्तू ठेवून घ्यायला सांगितलं आणि मी ती ठेवली.

काही अटी मान्य करता येतात, काही येत नाहीत. अमुक तारखेआधी प्रसिद्ध करू नका, हा एम्बार्गो चालतो. तो असल्याचं फक्त सांगा. चांगलंच लिहा, दोष असतील तर आधी आम्हाला कळवा आणि लेख थांबवा, अमुक स्पर्धकाशी तुलना टाळा, अशी अट आली की वस्तू नाकारा. अमेरिकेत 21 ऑक्टोबर 2024 पासून लागू झालेल्या नियमानुसार, रिव्ह्यू चांगलाच किंवा वाईटच हवा या अटीवर मोबदला देणं थेट बेकायदा आहे. नियम नसता तरी अशा अटीवर लिहिलेल्या मजकुराला रिव्ह्यू म्हणता आलं नसतं.

पायरी 2: खोकं उघडतानाच नोंद करा

नंतर आठवून लिहू म्हटलं की निम्मं विसरतं. माझ्या वहीतलं एका उसन्या हेडफोनचं पान असं आहे: 'सील आधीच कापलेलं, वरून नवी चिकटपट्टी. खालच्या बाजूला हातानं लिहिलेल्या क्रमांकाचं स्टिकर. केबल आहे, कापडी पिशवी नाही. उजव्या गादीवर हलकी घडी. ब्लूटूथच्या यादीत आधीचे दोन फोन. फर्मवेअरचा आकडा टिपला, फोटो काढला.'

दिसायला किरकोळ नोंदी आहेत, पण प्रत्येकीतून वाचकाला सांगण्यासारखं काहीतरी निघतं. जुन्या फोनांची नावं यादीत आहेत, म्हणजे हे युनिट आधी किमान दोन हातांतून गेलंय आणि नव्या गाद्यांचा ताठपणा मला अनुभवता येणार नाही. पिशवी नाही, तर पिशवीबद्दल मी लिहायचं नाही. खोक्यावर तिचं चित्र आहे म्हणून तर नाहीच नाही. फर्मवेअरचा आकडा टिपला म्हणजे उद्या एखादा दोष अपडेटनं गेला, तर मी कशाबद्दल बोलत होतो ते दाखवता येतं. (ती फोनांची नावं कुठेही छापू नका, बहुतेकदा त्यांत माणसाचं नाव असतं. आणि वस्तू परत करताना स्वतःचं नावही पुसा.)

वस्तू आली ती तारीख आणि गेली ती तारीख टिपायचीच, पण खरी किंमत तासांना आहे. 'तीन आठवडे वापरला' म्हणणाऱ्यानं तो सहा तासही कानाला लावलेला नसतो. मी रोज झोपण्याआधी दिवसभरातले वापराचे तास मांडतो. पहिल्यांदा बेरीज केली तेव्हा आकडा माझ्या अंदाजाच्या निम्मा निघाला होता.

पायरी 3: जे कळणार नाही त्याची यादी आधी बनवा

वापरायला सुरुवात करण्याआधीच एका कागदावर लिहा: एवढ्या दिवसांत या वस्तूबद्दल मला काय कळणं शक्य नाही? व्हॅक्यूम क्लीनर असेल तर फिल्टर कधी बदलावा लागतो आणि तो सहज मिळतो का. कॅमेऱ्याची लेन्स असेल तर सील धूळ किती वर्षं रोखतं. मोफत मुदतीवर मिळालेलं सॉफ्टवेअर असेल तर वर्गणी बंद केल्यावर आपल्या फाइलींचं काय होतं. हा कागद पुढे खुलाशात जाणार आहे.

मसुदा झाला की त्यात काही शब्द शोधा. टिकाऊ, मजबूत, भरवशाचा, वर्षानुवर्षं, दणकट, निर्धास्त. जिथे सापडेल तिथे थांबून स्वतःला विचारा, कशावरून? माझ्या त्या वाक्याच्या जागी असं असायला हवं होतं: 'बिजागरी प्लॅस्टिकची आहे, आत धातूची पट्टी दिसत नाही. 12 दिवसांत ती सैल झाली नाही की करकरली नाही.' त्यातून वाचक काय ठरवायचं ते ठरवतो. कदाचित त्या वाचकानंही हेडफोन घेतलाच असता, पण तो घडी करून बॅगेत कोंबताना जपून ठेवला असता.

आणखी एक गोष्ट उसन्या वस्तूत हरवते, ती म्हणजे पैसे मोजल्याची टोचणी. स्वतःचे पैसे गेलेले असले की बारीकसा खटकाही झोंबतो. म्हणून शेवटचा परिच्छेद लिहिण्याआधी मी वस्तूची आजची विक्रीची किंमत कागदावर मोठ्या आकड्यात लिहितो आणि तेवढ्या पैशांत दुसरं काय येतं ते बघतो. 'मी स्वतः घेतला असता का' याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात आलं पाहिजे. ते देता येत नसेल तर रिव्ह्यू अजून झालेला नाही.

पायरी 4: खुलाशाचा मजकूर

'वस्तू तर परत केली, मग खुलासा कशाला?' असं नेहमी विचारतात. ग्राहकांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी फेडरल ट्रेड कमिशननं या शंकेला सरळ उत्तर दिलेलं आहे. वस्तू कसली आणि किती काळ वापरायला मिळाली यावर ते अवलंबून आहे. महिनाभर गाडी फुकट वापरायला मिळाली तर ती परत करायची असली तरी सांगावं, आणि कमी किमतीच्या वस्तूंबाबतही वाचकाशी उघडपणे वागणंच चांगलं, असं ते म्हणतं. भारतात ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी 2023 च्या मार्गदर्शिकेत पैशांबरोबरच फुकट वस्तू, सवलती, भेटी, सहली, हॉटेलातला मुक्काम, इतकंच काय कौटुंबिक किंवा नोकरीचं नातंसुद्धा सांगण्याजोग्या संबंधांत धरलं आहे. नियम देशोदेशी वेगळे आणि बदलतेही असतात, आपल्या देशातले वाचून घ्या. माझी कसोटी मात्र साधी आहे: हे वाचकाला उद्या दुसऱ्या कुणाकडून कळलं, तर 'तेव्हाच का नाही सांगितलं' असं त्याला वाटेल का? वाटणार असेल तर सांगायचं.

आता शब्द. 'अमुक कंपनीचे मनःपूर्वक आभार' हा खुलासा नाही. आभार कशाचे, ते कळत नाही. अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या मार्गदर्शिकांनी अशा नुसत्या आभाराला अपुरं ठरवलं आहे. 'च्या सहकार्यानं', 'च्या सौजन्यानं', 'कोलॅब' यांचंही तेच. वाचकाला यातून पैसे घेतले, वस्तू घेतली की नुसती माहिती घेतली हे उमगत नाही. 'सर्व मतं माझी वैयक्तिक आहेत' हे वाक्य मी पूर्णपणे सोडून दिलं, कारण ते प्रामाणिक माणूस लिहितो तसंच विकला गेलेलाही लिहितो. सगळ्यात घातक आहे ते 'या व्हिडिओसाठी मी एकही पैसा घेतलेला नाही.' अक्षरशः खरं आणि तरी फसवं, कारण ते वस्तूबद्दल गप्प बसतं आणि खालच्या लिंकवरून मिळणाऱ्या कमिशनबद्दलही.

हेडफोनचा तो रिव्ह्यू आज लिहिला असता तर सुरुवातीला हे आलं असतं:

"हा हेडफोन कंपनीच्या पीआर एजन्सीनं मला 12 दिवस वापरायला दिला होता. त्या काळात मी तो सुमारे 30 तास वापरला आणि परत केला. माझ्याआधी तो इतरांनी वापरलेला होता. ठरावीक तारखेआधी प्रसिद्ध करायचं नाही, ही एकच अट होती. मजकूर कंपनीला आधी दाखवलेला नाही. यासाठी पैसे मिळालेले नाहीत, पण लेखातल्या लिंकवरून खरेदी झाली तर मला कमिशन मिळतं. बिजागरी, गाद्या आणि बॅटरी वर्षभरानं कशा राहतील आणि दुरुस्तीच्या वेळी ग्राहकाला काय अनुभव येतो, हे मला तपासता आलेलं नाही."

कुणी दिली, कशी दिली, किती वापरली, अट काय, आता ती कुठे आहे, दुसरा कुठला पैसा आहे, आणि काय कळलं नाही. दहा-पंधरा सेकंदांत वाचून होतं. वस्तू बदलली की हे तपशील बदलतात, म्हणून एकच साचा बनवून प्रत्येक लेखाला चिकटवू नका. नेहमी तेच वाक्य दिसलं की वाचकाची नजर त्यावरून घसरून जाते.

इथे एक सावधगिरी, कारण खुलासा करणाऱ्यावरही त्याचा परिणाम होतो. डेलियन केन, जॉर्ज लोवेन्स्टाइन आणि डॉन मूर या संशोधकांनी 2005 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. बरणीत नाणी भरलेली. काही जणांना ती लांबून, थोडा वेळच दाखवली आणि आत किती रक्कम असेल याचा अंदाज करायला सांगितलं. सल्लागारांना बरणी जवळून नीट पाहू दिली. काही सल्लागारांना पैसे अशा रीतीनं मिळणार होते की समोरच्याचा अंदाज जितका जास्त, तितका यांचा फायदा. आता हा स्वार्थ समोरच्याला सांगून टाकला तर काय होईल? सल्लागारांनी आकडे आणखी फुगवले. आणि ऐकणाऱ्यांनी सल्ल्यातून वजावट केली खरी, पण पुरेशी नाही.

मला हे स्वतःत ओळखू येतं. एकदा सांगून टाकलं की मन हलकं होतं, आणि हलकं झालेलं मन सैलही होतं: आता वाचक बघून घेईल. म्हणून खुलासा मी शेवटी लिहीत नाही. कोऱ्या पानावर सगळ्यात आधी तो लिहितो, आणि त्याच्या खाली लगेच वस्तूचे तीन दोष, सौम्य न करता. गुण नंतर. दर सहा महिन्यांनी आणखी एक हिशेब करतो. उसन्या वस्तूंचे रिव्ह्यू एका बाजूला, स्वतः विकत घेतलेल्यांचे दुसऱ्या बाजूला, आणि किती ठिकाणी 'घेऊ नका' असं म्हटलंय ते मोजतो. पहिल्या वेळी उसन्यांच्या बाजूला एकही 'घेऊ नका' नव्हतं. तो दिवस जड गेला, पण त्यानंतरचे रिव्ह्यू सुधारले.

पायरी 5: खुलासा कुठे ठेवायचा

लेखात शीर्षकाखाली, पहिल्या परिच्छेदाच्या आत. तळाशी नको, 'माझ्याबद्दल'च्या पानावर नको, आणि 'आणखी वाचा'वर टिचकी मारल्यावरच दिसेल अशा जागी तर नकोच. फोनच्या छोट्या स्क्रीनवर उघडून बघा. न सरकवता दिसला पाहिजे.

व्हिडिओत तो बोलून सांगा आणि पडद्यावर अक्षरांतही द्या. नुसत्या वर्णनात टाकलेला खुलासा बहुतेक जण उघडतच नाहीत. यूट्यूबसारख्या ठिकाणी सशुल्क जाहिरातीची खूण लावायची सोय असते. लागू असेल तर ती लावाच, पण तिच्यावर विसंबून राहू नका. त्या एका खुणेतून उसनवारी कळत नाही. भारतात जाहिरात मानक परिषदेच्या, म्हणजे आस्कीच्या 2021 च्या नियमावलीत जाहिरातवजा व्हिडिओंसाठी मुदतीही दिल्या आहेत. 15 सेकंद किंवा त्याहून छोट्या व्हिडिओत लेबल किमान 3 सेकंद, 2 मिनिटांपर्यंतच्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ, त्याहून मोठ्यात त्या ब्रँडबद्दल बोलणं चाललंय तेवढा सगळा वेळ. नुसत्या उसन्या वस्तूसाठीही मी हेच माप वापरतो. लाइव्हमध्ये लोक मधूनच येतात, तेव्हा पडद्यावर खुलाशाची पट्टी सतत ठेवा आणि अधूनमधून तोंडानंही सांगा. पॉडकास्टमध्ये विषय निघतो तिथेच सांगा, शेवटच्या श्रेयनामावलीत नको.

भाषेचं विसरू नका. अर्धा तास मराठीत बोलायचं आणि खुलासा तेवढा एका इंग्रजी हॅशटॅगमध्ये, तोही वीस हॅशटॅगांच्या गर्दीत, हे न सांगितल्यासारखंच आहे. 'उसना, 12 दिवस, परत केला' एवढं छोट्या पोस्टमध्येही मावतं.

वेबसाइटवर लिहिणाऱ्यांसाठी एक तांत्रिक बाब: फुकट किंवा उसन्या मिळालेल्या वस्तूच्या बदल्यात दिलेल्या लिंकला कोडमध्ये 'नोफॉलो' ही खूण लावा, असं गूगलनं 2016 मध्येच सांगितलं होतं. 2019 पासून त्यासाठी 'स्पॉन्सर्ड' ही वेगळी खूणही आहे. वाचकाला ती दिसत नाही, पण तुमच्या लिंकमुळे त्या कंपनीला शोधयादीत आयता फायदा मिळत नाही.

पायरी 6: वस्तू बिघडली किंवा फोन आला तर

उसनं युनिट सदोष निघालं तर दुसरं मागवायला हरकत नाही, पण पहिल्याची हकिगत गाळायची नाही. 'पहिल्या युनिटमध्ये उजवा स्पीकर मधूनच बंद पडत होता. कंपनीनं दोन दिवसांत दुसरं पाठवलं, त्यात ही अडचण आली नाही. ग्राहकाला इतक्या लवकर बदलून मिळेल असं मी गृहीत धरत नाही.' हे वाक्य गाळलं तर रिव्ह्यू खोटा होतो, मग वर खुलासा कितीही सुंदर असो.

प्रसिद्ध झाल्यावर कंपनीचा फोन आला आणि वजन चुकलंय म्हणाले, तर तपासून सुधारा आणि सुधारणा केल्याची तारखेसह नोंद द्या. 'तेवढं निराशाजनक हे विशेषण काढता येईल का' असं विचारलं तर नम्रपणे नाही म्हणा. मी अशी विनंती झाल्याचं लेखात लिहितो. सुरुवातीला हात थरथरला, पण एकदा लिहिल्यावर त्या कंपनीकडून तशी विनंती पुन्हा आली नाही.

पायरी 7: परत पाठवणं आणि त्यानंतर

फॅक्टरी रीसेट करा, खोक्यातल्या सगळ्या गोष्टींचा एक फोटो काढा, कुरिअरची पावती जपून ठेवा. परत केल्याची तारीख लेखात टाका.

खरं काम त्यानंतर आहे. वस्तू तुमच्याकडे नाही, पण वाचकांकडे आहे. दर रिव्ह्यूच्या खाली मी एक ओळ टाकतो: 'तुम्ही ही विकत घेतली असेल तर सहा महिन्यांनंतरचा अनुभव कळवा, चांगला असो वा वाईट.' उत्तरं येतात. खरेदीची पावती किंवा वस्तूचा फोटो मागून ती खातरजमेनं, नाव न देता लेखात जोडतो. उसनवारीची तूट भरून निघण्याचा एवढाच मार्ग मला सापडला आहे. उसन्यावर पहिला रिव्ह्यू केला आणि वस्तू आवडली, तर काही वेळा मी ती नंतर दुकानातून विकत घेतो. तेव्हा तेही लिहितो, कारण त्या दिवसापासून मी दुसऱ्याच जागेवरून बोलत असतो.

वाचणाऱ्यांसाठी थोडंसं

रिव्ह्यू वाचताना आधी दिवस आणि तास शोधा. सापडले नाहीत तर टिकाऊपणाबद्दलचं प्रत्येक वाक्य बाजूला ठेवा आणि फक्त मोजता येणाऱ्या गोष्टी घ्या: वजन, आवाज, बटणांची जागा. त्याच माणसानं कुठली वस्तू घेऊ नका म्हटलंय का ते बघा. विक्रीच्या साइटवर, अॅमेझॉनच्या 'वाइन'सारख्या (Vine) कार्यक्रमातून फुकट वस्तू मिळालेल्यांच्या रिव्ह्यूवर तशी खूण असते. अॅमेझॉननं 2016 मध्ये फुकट किंवा सवलतीच्या वस्तूच्या बदल्यात लिहिलेले रिव्ह्यू बंद केले, ते हा कार्यक्रम वगळून. ते रिव्ह्यू टाकाऊ नसतात. पण ते सहसा पहिल्या काही आठवड्यांतले असतात, म्हणून त्यांच्याबरोबर वर्षभर वापरलेल्यांचे तीन-चार वाचा. आणि खुलासा अर्धवट वाटला तर सरळ विचारा, किती दिवस वापरलात? विचारल्यावर रागावणाऱ्याचा रिव्ह्यू सोडून द्या.

मला ज्यांनी विचारलं, त्यांना मी त्याच दिवशी उत्तर दिलं: 12 दिवस, आणि 'टिकेल' हे वाक्य मी लिहायला नको होतं. ते वाक्य खोडून ठेवलं, पुसलं नाही. खोडलेलं दिसावं म्हणून. त्याखाली तारीख घातली आणि त्यांच्या परवानगीनं चिरलेल्या बिजागरीचा फोटो लावला. पुढच्या दोन महिन्यांत आणखी चार जणांनी फोटो पाठवले. चौघांच्याही हेडफोनची चीर डाव्याच बाजूला होती.